‘दहा मिनिटांत काम चालू’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बाजार समित्या, पतसंस्था आणि जिनिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो : ‘डिझास्टर रिकव्हरी प्लॅन हे मोठ्या कंपन्यांचं काम. आपण सगळे सर्व्हर व्हर्च्युअल करून टाका, रोज स्नॅपशॉट घ्या, एक प्रत क्लाउडवर ठेवा. मशीन बसली तरी दहा मिनिटांत काम चालू.’ डिझास्टर रिकव्हरी प्लॅन म्हणजे यंत्रणा कोसळली तर काम पुन्हा कसं उभं करायचं याचा आराखडा, आणि सर्व्हर व्हर्च्युअल करणं म्हणजे एकाच खऱ्या मशीनवर, होस्टवर, सॉफ्टवेअरने बनवलेल्या अनेक मशीन चालवणं. वर्धा-यवतमाळकडच्या अशाच लहान ठिकाणांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. या चार ओळींच्या भरवशावर लोक अख्ख्या हंगामाचा हिशोब टांगणीला लावतात, म्हणून लिहितोय.

मोठ्यांचं काम म्हणाल, तर ३१ जुलै २०२४ आठवा. बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाला आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिची जोडणी तात्पुरती तोडली. व्यवहार अडकले ते सुमारे ३०० छोट्या बँकांचे. त्यात सहकारी होत्या, ग्रामीण होत्या. पैसे अडले ते आपल्यासारख्यांचेच.

स्नॅपशॉट म्हणजे व्हर्च्युअल मशीनची त्या क्षणाची नोंद, बॅकअप नव्हे. तो घेतला की मूळ डिस्कची फाइल आहे तिथे गोठते आणि पुढचे बदल शेजारच्या दुसऱ्या फाइलीत जातात. सहसा दोन्ही एकाच स्टोरेजवर असतात. मूळ फाइल गेली की नुसत्या स्नॅपशॉटमधून काही उभं राहत नाही. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, हे व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर बनवणारं व्हीएमवेअर स्वतःच सांगतं. रेडचंही, म्हणजे डेटा एकाच वेळी अनेक डिस्कवर लिहिणाऱ्या जोडणीचंही, तसंच. डिस्क बिघडली तर तो सावरतो, पण व्हायरसने कुलूप लावलेल्या फाइली तोही जशाच्या तशा लिहितो.

‘सगळं व्हर्च्युअल करा’ म्हणणाऱ्याने एकदा जिनिंगच्या गेटवर उभं राहून बघावं. वजनकाट्याच्या इंडिकेटरपासून सिरियल केबल येते, कॉम्प्युटरच्या मागे सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा डोंगल खोचलेला असतो, आत जुनं विंडोज एक्सपी. हा डबा बऱ्याच ठिकाणी फिजिकलच राहणार. एका जिनिंगमध्ये फेब्रुवारीच्या अवकाळी पावसात वीज कडाडली आणि नेमका त्याचा मदरबोर्ड जळला. ऑफिसातल्या व्हर्च्युअल मशीन ठणठणीत होत्या. काट्याच्या कॉम्प्युटरच्या डिस्कची इमेजही, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण प्रतही, माझ्याकडे होती. ती नव्या मशीनवर चढवली तर निळा स्क्रीन, कारण त्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर एक्सपीत नव्हता. शिवाय नव्या मशीनला सिरियल पोर्टच नाही. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. काटेवाला म्हणाला, “भाऊ, पट्टी निंगून नाही राह्यली, गाड्या कुठवर उभ्या ठेवू?” पट्टी म्हणजे वजनाची पावती. इंडिकेटर वाचला होता, म्हणून वजन हाताने लिहून दिलं. जुळणारी जुनी मशीन तिसऱ्या दिवशी नागपुरातून मिळाली. ते तीन दिवस मी विसरलो नाही. आता तसली एक मशीन, इमेज चढवून सुरू होते का हे बघून, कपाटात ठेवलेली असते. सोबत केबल, सॉफ्टवेअरची सीडी आणि लायसन्सचे कागद.

क्लाउडवर प्रत हवीच. सगळ्या प्रती एकाच छपराखाली असल्या तर काय होतं, ते दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये दिसलं. देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फाइलींचे ८५८ टीबी गेले. बाहेर दुसरी प्रत नव्हती. पण आपल्याकडे लाइन १० एमबीपीएसची असेल, तर १ टीबी परत उतरवायला नऊ दिवसांवर लागतात, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. म्हणून एक प्रत जवळच, पण दुसऱ्या इमारतीत, वायर काढून ठेवलेल्या डिस्कवर असू द्या.

राहिली ती दहा मिनिटं. आधी डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) आणि डीएनएस (कुठली मशीन कुठे आहे हे सांगणारी सेवा) उठायला हवेत, मग डेटाबेस, मग हिशोबाचं सॉफ्टवेअर. हा क्रम चुकला की लॉगिनच होत नाही. कित्येक ठिकाणी बॅकअपचं सॉफ्टवेअरही त्याच होस्टवर बसवलेलं सापडतं, म्हणजे किल्ली घरात आणि दार बंद. आणि सगळ्यांना घाई सारखी नसते. हंगामात काटा अर्धा तास बंद राहिला तरी भांडणं होतात, पगाराचा सर्व्हर आठवडाभर थांबू शकतो. हे आधी कागदावर मांडलेलं हवं, आणि तो कागद सर्व्हरच्या बाहेर.

दसऱ्याआधी, पोळ्याच्या आठवड्यात, आम्ही मुख्य होस्ट बंद करतो आणि घड्याळ लावून दुसऱ्या मशीनवर सगळं उभं करतो. पहिल्या वर्षी पहिली पट्टी निघायला सहा तास लागले. यंदा पावणेदोन.