निम्मी लोकसंख्या नाही, म्हणून उमेदवारच द्यायचा नाही?

"अमेरिकेत कृष्णवर्णीय उमेदवार फक्त कृष्णवर्णीय बहुसंख्य भागातूनच निवडून येतो. इतरत्र उभं करणं म्हणजे पैसे पाण्यात." जनगणनेचा नकाशा जोडून हे विधान सगळीकडे फिरतंय. त्यातले मुद्दे एकेक करून पाहू.

"बहुसंख्य असले की जागा आपोआप मिळते"

मिसुरी राज्यातलं फर्ग्युसन हे छोटं शहर बघा. 2014 मध्ये तिथे दोनतृतीयांश लोक कृष्णवर्णीय होते, पण कौन्सिलच्या सहा जागांपैकी त्यांच्याकडे एकच. नगराची निवडणूक एप्रिलमध्ये होते, नोव्हेंबरातल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीपासून तोडलेली. एप्रिल 2013 मध्ये मतदान जेमतेम 12 टक्के झालं. अशा वेळी भाड्याच्या घरातला, सारखा पत्ता बदलणारा तरुण गळतो आणि स्वतःच्या घरातला वयस्कर मतदार न चुकता येतो. एप्रिल 2015 मध्ये मतदान 30 टक्क्यांच्या आसपास गेलं, एला जोन्स आणि वेस्ली बेल निवडून आले आणि सहापैकी तीन जागा झाल्या. 2014 मध्ये तिथे पोलिसाच्या गोळीने मायकल ब्राउन हा कृष्णवर्णीय तरुण मारला गेला, त्यानंतरचा संताप यामागे होता, हे खरंच. पण संतापालाही तारखा पाळाव्या लागतात. तिथे उमेदवारी अर्ज डिसेंबरात सुरू होतात आणि मतदार नोंदणी मतदानाआधीच्या चौथ्या बुधवारी बंद होते. मार्चअखेर जागं होऊन उपयोग नाही.

मतदार यादीबरोबर कोणी कधी मतदान केलं याची नोंद मिळते (कोणाला केलं याची अर्थातच नाही). नोव्हेंबरात येणारे पण एप्रिलला न येणारे लोक वेगळे काढायचे आणि आधी त्यांचीच दारं ठोठवायची. समजा प्रभागात 4,000 मतदार आहेत. 12 टक्क्यांनी 480 मतं पडतात, म्हणजे दुरंगी लढतीत 241 मतांना जागा. एवढ्यासाठी टीव्हीवर जाहिरात सुचवणारा सल्लागार आधी घरी पाठवावा.

"अल्पसंख्य असतील तिथे शक्यच नाही"

व्हर्जिनियात कृष्णवर्णीय सुमारे पाचव्या हिश्शाएवढे. तरी 1989 मध्ये डग्लस वाइल्डर तिथे गव्हर्नर झाले, सात हजारांहून कमी मतांनी का होईना. मॅसॅच्युसेट्समध्ये हे प्रमाण त्याहून बरंच कमी आहे, आणि डेव्हल पॅट्रिक 2006 मध्ये सुमारे 20 टक्क्यांच्या फरकाने जिंकले.

त्याहून बोलकं उदाहरण अलाबामातल्या चिल्टन काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे. कृष्णवर्णीय जेमतेम 12 टक्के. तिचा कारभार पाहणाऱ्या कमिशनच्या जागा सात, प्रत्येक मतदाराला मतं सात, आणि हवं तर सातही एकाच उमेदवाराला देता येत. गणित सोपं आहे: सात जागा असतील तर एक-अष्टमांशाहून, म्हणजे साडेबारा टक्क्यांहून, मोठा गट एकजुटीने मतं टाकेल तर त्याची एक जागा कोणी अडवू शकत नाही. इथे गट किंचित कमी पडत होता, पण समोरची मतंही तंतोतंत वाटली जात नसतात. 1988 मध्ये बॉबी एजी हे कृष्णवर्णीय उमेदवार निवडून आले. गटाने दोन उमेदवार उभे केले की मात्र हे गणित कोसळतं.

आपल्या महापालिकांच्या चार सदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेला वेगळं मत असतं, त्यामुळे सगळी मतं एकावर ओतता येत नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेत अशाच क्रमांक दिलेल्या जागा कृष्णवर्णीयांना रोखायला वापरल्या गेल्या.

"मग मतदारसंघ ठासून भरा"

कृष्णवर्णीय मतदार एकाच मतदारसंघात कोंबले की एक जागा प्रचंड मताधिक्याने येते आणि शेजारच्या दोन जातात. व्हर्जिनियाच्या प्रतिनिधीगृहात 12 मतदारसंघांत मतदानाच्या वयातले किमान 55 टक्के लोक कृष्णवर्णीय ठेवायचे, असा सरसकट दंडक लावला होता. 2018 मध्ये न्यायालयाने त्यातले 11 रद्द केले.

"तिरंगी लढतीत मतं फुटतात"

फुटतात, पण कोणाची ते बघा. 1983 मध्ये शिकागोच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत (प्रायमरीत) कृष्णवर्णीय हॅरॉल्ड वॉशिंग्टन सुमारे 36 टक्क्यांवर जिंकले, कारण समोरची मतं जेन बर्न आणि रिचर्ड एम. डेली यांच्यात विभागली. त्याआधी लाखाहून जास्त नवे कृष्णवर्णीय मतदार नोंदवले गेले होते. त्याशिवाय हे 36 टक्केही जमले नसते. तो डाव आता तसाच चालत नाही, कारण 1999 पासून शिकागोत कोणालाही निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. 2023 मध्ये कृष्णवर्णीय ब्रँडन जॉन्सन पहिल्या फेरीत सुमारे 22 टक्क्यांवर दुसरे होते. एप्रिलच्या फेरीत ते जिंकले.