डबीतला वास आणि गालावरचा साबण

गेले अडीच महिने मी दाढीचे सहा साबण एकाच पद्धतीने वापरले. प्रत्येक साबण सलग १२ दिवस. तोच सेफ्टी रेझर, एकाच कंपनीची पाती, दर चौथ्या दाढीला नवं पातं, तोच सिंथेटिक ब्रश, तीच वाटी, तेच नळाचं पाणी. कितीही मोह झाला तरी मधे साबण बदलायचा नाही. रोज दाढी उरकली की वहीत चार ओळी लिहायच्या.

एवढा खटाटोप करायचं कारण असं की ब्रश-साबणाने दाढी करणाऱ्या आम्हा मंडळींत साबणावर जे बोलणं चालतं, त्यातलं निम्मं साबणाबद्दल नसतंच, वासाबद्दल असतं. आणि तोही वास कोरड्या डबीतला. झाकण काढलं, हुंगलं, "अप्रतिम साबण!" म्हणून मोकळे. मीही अनेक वर्षं हेच केलं आणि दोन चांगले साबण केवळ पहिल्या हुंगण्यावरून लोकांना देऊन टाकले. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

आता माझं मत पक्कं झालं आहे. डबीतल्या वासावरून साबणाची परीक्षा करू नये. त्या वासावरून त्याच साबणाचा गालावरचा वाससुद्धा नीट कळत नाही, मग फेस कसा येईल, पातं कसं सरकेल हे कुठून कळणार?

मुळात दाढीच्या साबणाकडून आपल्याला काय हवं असतं? केसाने पाणी प्यावं आणि ते पाणी पातं फिरेपर्यंत तिथेच राहावं. कोरडा केस चिवट असतो. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजला की तो फुगतो, मऊ पडतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. फेसाचं काम ते पाणी धरून ठेवणं आणि पात्याखाली बुळबुळीत थर देणं. अंगाच्या साबणाने हे नीट जमत नाही, कारण त्याची घडणच वेगळी. तो बहुधा सोडियम हायड्रॉक्साइड वापरून केलेला, म्हणून वडी कडक. दाढीच्या साबणात पोटॅशियम हायड्रॉक्साइडही वापरतात. पोटॅशियमचा साबण मऊ असतो, पाण्यात लवकर विरघळतो, ब्रशवर चटकन चढतो. त्यात स्टिअरिक आम्ल (चरबी-तेलांतलं एक मेदाम्ल) भरपूर असलं की फेस दाट आणि बारीक बुडबुड्यांचा होतो, पाच मिनिटं झाली तरी बसत नाही. खोबरेल तेलातल्या लॉरिक आम्लामुळे फेस झटपट फुगतो, पण बुडबुडे मोठे असतात, आणि प्रमाण जास्त झालं तर दाढीनंतर त्वचा ओढल्यासारखी होते. चरबीच्या जुन्या साबणांची एवढी ख्याती का, तर चरबीत स्टिअरिक, पामिटिक आणि ओलेइक ही तिन्ही आम्लं निसर्गतःच सोयीच्या प्रमाणात असतात. ग्लिसरीन पाणी धरतं. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचा मेणासारखा पदार्थ, दाढी झाल्यावर कातडीवर हलकासा थर ठेवून जातो.

या सगळ्यात सुगंधाचा वाटा वजनाने बहुधा १ ते ३ टक्के. आणि आपण निकाल देतो तो त्या १ ते ३ टक्क्यांवर.

आता वहीतल्या नोंदी. पहिला होता अर्को, तुर्कस्तानातल्या एव्याप कंपनीचा, कांडीच्या रूपातला. दाढीच्या साबणांत वासावरून सर्वांत जास्त वाद याच्यावर होतात. लिंबासारखा, धुतलेल्या कपड्यांची आठवण करून देणारा सरळसोट वास. कांडी ओल्या गालावर चार वेळा फिरवली, ब्रश मारला की मिनिटभरात दाट फेस. १२ पैकी ११ दिवस माझ्या वहीत "फेस उत्तम" लिहिलेलं आहे. आणि गंमत म्हणजे फेसात तो वास सौम्य होतो, नुसता स्वच्छ वाटतो. आठवडाभरात तो मला आवडायलाच लागला.

सेला इटलीतल्या मिलानोचा. कंपनी १८९९ची. साबण इतका मऊ की बोटाने उचलावा. वास कडू बदामाचा, म्हणजे मुख्यतः बेंझाल्डिहाइडचा. कोरड्या डबीत मला तो गोड, जड वाटला होता. फेस झाला की त्यातला जडपणा जातो आणि फक्त बदाम उरतो. वास सर्वांत जास्त बदलला तो याचाच. साबण म्हणून हा नवशिक्याचा मित्र आहे. पाणी थोडं जास्त झालं, थोडं कमी झालं, तरी सांभाळून घेतो.

प्रोरासोचा हिरवा फ्लॉरेन्सच्या मार्तेल्ली घराण्याचा, १९०८पासूनची परंपरा. निलगिरी आणि मेंथॉल. याच्याबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, म्हणून जरा थांबतो. मेंथॉल त्वचा खरोखर थंड करत नाही. थंडी ओळखणाऱ्या संवेदकांना ते चेतवतं आणि मेंदूला गारवा वाटतो. त्या गारव्यात पात्याची बारीक चुरचुर झाकली जाते. पहिले चार दिवस मी लिहिलं, "फार सुखाची दाढी." पाचव्या दिवशी दाढीनंतर तुरटी फिरवली तेव्हा गळ्याला चांगलीच झोंबली. आदल्या दिवशी मीच उलट्या दिशेने हात जोरात मारला होता आणि मला तेव्हा कळलंच नव्हतं. चूक हाताची, साबणाची नाही. पण धडा असा की मेंथॉल असलेल्या साबणाला त्याच क्षणी गुण देऊ नयेत. तासाभराने आरशात गळा बघावा, मग लिहावं. उकाड्यात हा साबण मी आनंदाने वापरतो आणि वापरत राहीन.

टॅबॅक ओरिजिनल जर्मनीतल्या मॉयरर अँड विर्ट्झचा, सुगंध १९५९चा. नावात तंबाखू असली तरी वास तंबाखूचा नाही. पावडरीसारखा, फुलांचा, थोडा मसालेदार, जुन्या पद्धतीचा पुरुषी वास. डबी उघडली की खोलीभर पसरतो. माझे वडील नव्हे, पण त्यांच्या पिढीतली कपाटं आणि इस्त्रीचे रुमाल आठवतात. हा साबण अनेक वर्षं चरबीचा होता, आता वनस्पती तेलांचा आहे. वास आणि साबण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. डबीवर नाव तेच, नाकाला ओळख तीच, पण ब्रशखाली असलेला पदार्थ दुसरा. माझ्याकडे आता फक्त नवाच आहे, आणि तोही फेसाला चांगला आहे. पण "टॅबॅक कसा आहे?" असं कोणी विचारलं तर आधी "कोणता?" असं विचारावं लागतं.

मिचेल्स वूल फॅट. लोकरीच्या धंद्यावर उभ्या राहिलेल्या इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा साबण, चरबी आणि लॅनोलिनचा. देऊन टाकलेल्या त्या दोन साबणांपैकी हा एक, या वेळी पुन्हा मागवला. वास इतका हलका की डबीत मला तो नीरस वाटला होता, आणि फेसही पातळ येत असे. पातळ फेसाचा दोष माझा होता. मी ब्रश वडीवर दहा सेकंद फिरवायचो. या वेळी घड्याळ लावून पूर्ण ४० सेकंद फिरवला, ब्रश जवळजवळ चिकट होईपर्यंत, आणि मग वाटीत थेंब थेंब पाणी घालत गेलो. दह्यासारखा, चकाकणारा फेस आला. दुपारी गालाला हात लावला तेव्हा सहांपैकी याच साबणाच्या दिवसांत कातडी मऊ होती. खरं सांगतो, लोक ज्याला वाईट साबण म्हणतात त्याची बहुतेक वेळा उपासमार झालेली असते. आधी साबण कमी, नंतर पाणी कमी.

सहावा साबण चंदनाचा. नाव घेत नाही. कोरड्या डबीत सहांमध्ये सर्वांत सुंदर वास याचाच, गडद, गोडसर, तासभर बोटावर राहणारा. पहिल्या दिवशी वासाला मी १० पैकी १० दिले. आणि मग वही बघतो तर फेस, सरक, दाढीनंतरची त्वचा, सगळीकडे एकाएकी आठ-नऊ! नंतरच्या दिवसांत हळूहळू सहा, पाच. साबण बदलला नव्हता, माझ्या नाकावरची धुंदी उतरत होती.

त्या पानाकडे बघूनच मी पुढची परीक्षा घेतली. आणखी सहा दिवस. सकाळी बायको दुसऱ्या खोलीत वाटीत फेस करायची, मी पोहताना नाकाला लावतात ती क्लिप लावून बसायचो. कोणता साबण ते संध्याकाळपर्यंत सांगायचं नाही, असं ठरलं होतं आणि तिने ते काटेकोरपणे पाळलं. नाक बंद असताना चंदनाचा साबण पाचवा आला. वूल फॅट पहिला, अर्को दुसरा. सेला आणि टॅबॅक यांत मला फरकच करता आला नाही. प्रोरासो मात्र गालाला लागताक्षणी ओळखला, कारण मेंथॉल नाकाचं ऐकत नाही, कातडीशी थेट बोलतं.

ही एका माणसाच्या एका चेहऱ्याची गोष्ट आहे. माझी त्वचा कोरडी, केस जाड. तुमचा क्रम वेगळा येईल. पण क्लिप लावून तो एकदा लावून बघा एवढंच माझं म्हणणं आहे.

पाण्याबद्दल बोललंच पाहिजे. शाळेत आपण सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलो. भाषेने इतकं नेमकं नाव दिलं आहे आणि आपण ते परीक्षेनंतर विसरून गेलो. दुष्फेन पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी बांधले जातात, त्यांचा न विरघळणारा चोथा होतो आणि फेस बसतो. साबणाला शिव्या देण्याआधी एकदा डिस्टिल्ड पाण्यात फेस करून पाहा. माझ्या नळाच्या पाण्यात जो साबण चाळीस सेकंद मागतो, त्याला डिस्टिल्ड पाण्यात पंचवीस पुरले.

आता वासाची बाजू, कारण वास मला गौण वाटतो असं कोणाला वाटू नये. मला वास मनापासून आवडतात. सकाळी ब्रश भिजवावा, फेस चढावा आणि त्या ऊबेत लॅव्हेंडर उठावं, या पाच मिनिटांसाठी मी लवकर उठतो. पण तो वास फेसातला. डबी उघडी राहिली की वरच्या थरातले लिंबूवर्गीय, हलके घटक आधी उडतात, जड घटक मागे राहतात. म्हणून कोरडी वडी नेहमी असते त्याहून गडद वास देते. कोमट पाणी आणि फेसाचा पसारा मिळाला की आतले हलके घटकही बाहेर येतात आणि वास उघडतो. शिवाय साबण अल्कधर्मी, पीएच ९ ते १० च्या घरात. त्यात काही सुगंधी द्रव्यं टिकत नाहीत. व्हॅनिलिनने, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाच्या द्रव्याने, साबण तपकिरी पडतो. साबणात वास बसवणं हे बाटलीतल्या अत्तरापेक्षा अवघड काम आहे आणि ज्यांना ते साधलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

ज्याला लोक "बार्बरशॉपचा वास" म्हणतात तोही असाच एक घडवलेला वास. लॅव्हेंडर, ओकमॉस (ओकच्या झाडावरचं दगडफूल) आणि कुमारिन, म्हणजे वाळल्या गवतासारखा गोडसर वास देणारं द्रव्य. कुमारिन प्रयोगशाळेत पहिल्यांदा केलं विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने, १८६८मध्ये, आणि १८८२मध्ये हूबिगां या फ्रेंच अत्तर कंपनीच्या 'फूजेर रॉयाल' या अत्तरात ते वापरलं गेलं. तिथून वासांचं एक अख्खं घराणं सुरू झालं आणि ते दाढीच्या साबणांत इतकं रुळलं की आपल्याला तो दाढीचाच मूळ वास वाटतो.

आणि एक काळजीची गोष्ट. लिनालूल आणि लिमोनीन हे सुगंधातले घटक हवेशी संयोग पावले की त्यातून ॲलर्जी आणणारे पदार्थ तयार होतात. पातं नुकतंच फिरलेल्या कातडीवर हे जास्त जाणवू शकतं. जुनी, वर्षानुवर्षं अर्धवट उघडी राहिलेली डबी "वास अजून छान आहे" म्हणून वापरू नका. गळ्याला सतत लाली येत असेल तर पातं बदलण्याआधी महिनाभर बिनवासाचा साबण वापरून पाहा.

माझ्या वहीत आता रकाने बदलले आहेत. आधी फेस, मग सरक, मग दाढीनंतर तासाभराने त्वचा. वासाचा रकाना सर्वांत शेवटी, आणि तो बाराव्या दिवशीच भरायचा. उद्यापासून बिनवासाच्या साबणाचे १२ दिवस सुरू होतात.

टॅबॅकचा जुना, चरबीचा साबण अजून कोणाकडे शिल्लक असेल आणि त्यांनी नवाही वापरला असेल, तर कृपया खाली लिहा. किती दिवस वापरले आणि पाणी सुफेन की दुष्फेन, तेवढं मात्र सांगा.