सातमाशी बाळ, काचेची पेटी आणि पावडरचे डबे

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणाऱ्या एका मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: सातमाशी मूल जगतं, अठमाशी जगत नाही. काचेची पेटी हा डॉक्टरांचा धंदा आहे, पूर्वी अशी मुलं कापसात गुंडाळून, शेगडीजवळ ठेवून, गुटीवर वाढली. पुण्य कमवायचं असेल तर सिव्हिलमधल्या बाळांना दूध पावडरचे डबे आणि बाटल्या द्या.

शेवटच्या वाक्यामागचा हेतू चांगला आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. आधी बाकीचं.

“सातमाशी जगतं, अठमाशी नाही.” साफ उलट आहे. फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे मिटू न देणारा पदार्थ साधारण 24व्या आठवड्यापासून तयार होऊ लागतो आणि पुरेसा होतो तो 34-35 आठवड्यांना. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात पडतो. ही समजूत थेट प्राचीन ग्रीक वैद्यांपर्यंत मागे जाते, म्हणजे आपल्या आज्यांना उगाच बोल नको. पण तिच्यापायी आठव्या महिन्यात कळा आल्या की घरचे आधीच हात टेकतात आणि सातव्यात आल्या की निवांत राहतात. 24 ते 34 आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात: 6 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी, एकूण 4. त्यांनी बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. पहिलं इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळू शकतं. सुरगाणा किंवा पेठहून रात्री निघताना ते घेऊनच घाट ओलांडावा. 102ची गाडी मोफत आहे.

“पेटी हा धंदा, कापूस आणि शेगडी पुरे.” बाळाचं तापमान 36.5 ते 37.5 अंशांत राहायला हवं. कमी दिवसांच्या बाळाच्या अंगात ऊब तयार करणारी चरबी जवळजवळ नसते, कातडी पातळ असते. गारठलं की ते साखर आणि ऑक्सिजन जाळत सुटतं, साखर उतरते, श्वास अडखळतो. कापूस ऊब धरून ठेवतो, तयार करत नाही. गार बाळ कापसात गारच राहतं. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कुठवर उतरतो हे इथे कुणाला सांगायला नको. आणि बंद खोलीतली कोळशाची शेगडी कार्बन मोनॉक्साइड सोडते. धुरीही नकोच.

मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच, की प्रत्येक बाळाला सतत पेटी लागत नाही. पण तिला पर्याय कापूस नाही, आईचं अंग आहे. बाळाला छातीशी उघड्या अंगाला बिलगवून ऊब देण्याची ही कांगारू पद्धत 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं, 1 ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर अशी ऊब दिली तेव्हा मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना 2022पासून दिवसाचे 8 ते 24 तास ती द्यायला सांगते. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, मान एका बाजूला वळवून किंचित वर, पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून कापड घट्ट बांधायचं, त्याची वरची कड कानाखाली यावी. मान छातीकडे वाकली की श्वासाची वाट दबते, चूक होते ती इथेच. एका बैठकीला निदान एक तास, कारण दर उचलाउचलीत बाळ गारठतं. वडील, आजी, कुणीही चालतं, गाडीतही चालतं. मात्र श्वासाला मशीन लागणारं बाळ घरी ठेवणं म्हणजे ते गमावणं.

पूर्वीची जी मुलं वाढली त्यांच्या गोष्टी उरल्या, गेली त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही.

“गुटी द्या.” चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ 34व्या आठवड्याच्या आसपास बसतो. त्याआधी दूध नळीने, मग पळीने किंवा वाटी-चमच्याने. दीड किलोच्या बाळाला पहिल्या दिवशी एका वेळी साधारण 8 ते 10 मिलिलिटर पुरतं, दर दोन तासांनी. त्यात सहाणेवरचं जायफळ गेलं तर गुंगी येते, आणि या बाळांचा श्वास आधीच मध्ये मध्ये थांबतो. मधातल्या जंतूंनी विषबाधा होऊ शकते, वर्षाच्या आत तो चाटवायचाच नाही.

“पावडरचे डबे द्या.” डब्यातली पावडर निर्जंतुक नसते आणि वरच्या दुधावरच्या अशा बाळांची आतडी सडण्याचा धोका वाढतो. शिवाय 1992च्या कायद्याने असे डबे आणि बाटल्या दान करायला बंदी आहे, अपवाद फक्त अनाथालयाचा. सिस्टरने डबे परत पाठवले तर रागावू नका.

द्यायचंच तर आईला द्या. सरकारच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तिच्या जेवणाची तरतूद साध्या बाळंतपणाला 3 दिवस, सिझेरियनला 7. तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ मात्र कित्येक आठवडे रुग्णालयात असतं. आई घरी गेली की दूध आटतं, कारण ते दिवस-रात्र मिळून 8 ते 10 वेळा काढावं लागतं. तेव्हा जेवणाचे डबे, मुक्कामाची सोय, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, दूध काढायचा पंप, सुती टोप्या. आधी वॉर्डात विचारून घ्या, नाहीतर टोप्यांचा ढीग पडतो आणि खुर्ची एकच असते. स्वतः बाळंतीण असाल आणि दूध जास्त येत असेल तर मानवी दूधपेढीत द्या. देशातली पहिली 1989 साली मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तिथे आईची रक्ततपासणी होते आणि दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवतात. शेजारच्या बाळाला परस्पर दूध देऊ नका.

बाळाच्या फोटोखाली कुणाचा तरी यूपीआय नंबर असेल तर पैसे तिथे नकोत, रुग्णालयाच्या बिलावर भरा. संस्थेला देताना तिची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे का ते पाहा. बिल मोठं असेल तर महात्मा फुले योजना आणि धर्मादाय रुग्णालयातल्या गरिबांसाठी राखीव 10 टक्के खाटा, दोन्हींची चौकशी करा.

एक खर्च कुणाच्या यादीत नसतो: घरी गेल्यावर डोळे तपासायला परत येण्याचं भाडं. 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा 2 किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासावा लागतो, फारच लहान असेल तर 2-3 आठवड्यांतच. वेळेत लेसर झालं तर नजर वाचू शकते, पडदा सुटल्यावर फारसं काही हातात उरत नाही. पेठहून येण्याजाण्याच्या पैशांवाचून ही तारीख चुकू नये.