एकाच गळ्यावरची कंपनी

"बालगंधर्वांना अत्तरानं बुडवलं," मकरंदनं जाहीर करून टाकलं.

मिरजेत बसून असं बोलायला धाडस लागतं. 1905 साली नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा, म्हणजे पुढं बायकांच्या भूमिका गाजवणारे गायक नट बालगंधर्व, किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला होऊन पहिल्यांदा उभा राहिला तो याच गावात. पण मकरंद पडला सीए. त्याला समोर माणूस दिसतच नाही, ताळेबंद दिसतो. खरे भरजरी शालू, दर नाटकाला नवे पडदे, थिएटरात अत्तराचा घमघमाट, वर लाखाच्या पुढं गेलेलं कर्ज. "नकली जर लावली असती तर दहाव्या रांगेतून कुणाला कळणार होतं?"

"पहिल्या रांगेतल्या बायकांना," वैशाली म्हणाली. "बालगंधर्वांची नेसण, अंबाडा, पदर घ्यायची पद्धत बघून पुण्या-मुंबईच्या बायका नेसायला लागल्या. तो शालू म्हणजे जाहिरात होती. तू ती खर्चाच्या बाजूला धरतोयस."

"जाहिरातसुद्धा खर्चातच धरतात, वैशाली."

यावर हशा झाला, पण अण्णा हसले नाहीत. अण्णा ऑर्गन वाजवतात आणि संगीत नाटकाचा विषय निघाला की चहा गार होऊ देतात. त्यांचं म्हणणं असं की अत्तर ही किरकोळ बाब आहे. बिऱ्हाडी, म्हणजे गावोगाव मुक्काम हलवणाऱ्या नाटक कंपनीचा खर्च मोजायचा तो दिवसावर. नट, वाजवणारे, पडदेवाले, शिंपी, आचारी या सगळ्यांची दोन वेळची पानं बारा महिने मांडायची. गाव बदललं की सामानाचं रेल्वेभाडं, नव्या गावात थिएटरचं भाडं. हे सगळं रोज चालू. उत्पन्न मात्र खेळाच्या रात्रीचं, आणि तेही बालगंधर्व स्वतः गाणार असतील तर. गळा बसला, ताप आला, की त्या रात्रीची विक्री शून्य. पानं मात्र तेवढीच. 1913 साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी ही कंपनी काढली तेव्हा निदान तीन डोकी होती. आधी टेंबे गेले, मग बोडस गेले. उरला एक गळा.

"म्हणजे माझंच म्हणणं," मकरंद म्हणाला. "धंदा कळत नव्हता."

"आणि गाणं नाटकाला मारत होतं, हे पण घाल त्यात," इतका वेळ गप्प असलेला शकील म्हणाला. शकील तंबोरे करतो. पण नाटकात गद्य हवं, असं त्याचं ठाम मत आहे. "एका पदाला चार-चार वन्स मोअर. रात्री नऊला सुरू झालेलं नाटक पहाटे दोन-तीनला संपायचं. 'स्वयंवर' नाटकातल्या रुक्मिणीचं काय झालं ते बघायला कोण थांबलेलं असायचं?"

इथं वैशालीनं आवाज चढवला. तिचं बोलणं जरा सविस्तर देतो, कारण वादाचं खरं तोंड तिथं आहे.

नाट्यपद म्हणजे संवाद थांबवून केलेली बैठक नव्हे, असं ती म्हणते. संवादाच्या शेवटच्या वाक्यातच नट आवाज षड्जाकडं, म्हणजे सा या मूळ सुराकडं आणत असतो. ऑर्गनवाला ते वाक्य संपायच्या आधी हळूच सा धरतो. हा सा अर्धा सेकंद उशिरा आला की नट हवेत लटकतो आणि प्रेक्षकाला 'आता गाणं' हे कळतं. तेच कळायला नको असतं. मुखडा, म्हणजे पदाची सुरुवात, नट एकटाच उचलतो, तबला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो. अस्ताई, म्हणजे पदाचा पहिला भाग, पहिल्यांदा साधी म्हणायची, तिच्यात ताना नाहीत, कारण शब्द कानात बसायला हवेत. दुसऱ्या खेपेला थोडी सजवायची. विस्तार करायचा तो त्यानंतर. 'स्वयंवर'मधलं 'नाथ हा माझा' घ्या. यमन राग आहे, भास्करबुवा बखल्यांनी बांधलेली चाल. तान घ्यायची तर 'माझा'च्या शेवटच्या आकारावर घेता येते. 'नाथ'वर घेतली तर 'थ' गिळला जातो आणि रुक्मिणी कुणाबद्दल बोलतेय तेच हरवतं. बालगंधर्वांची लय भारी ती इथं. ताना बेतानं, पण शब्द अख्खा.

"आणि वन्स मोअर आला तर?" शकील.

"तर पहिल्यापासून तेच गायचं नाही. ऑर्गन सा सोडत नाही, नट मुखड्यावर किंवा अंतऱ्यावर, म्हणजे पदाच्या दुसऱ्या भागावर येतो आणि त्याच ओळीचा दुसरा अर्थ काढतो. तो निघाला नाही तर तू म्हणतोस तसं होतं, नाटक थांबतं. आणखी एक गोची असते, तिकडं कुणाचं लक्ष जात नाही. समोरचा नट. त्यानं पंधरा मिनिटं करायचं काय? खांबासारखा उभा राहिला तर पद मेलं. फार अभिनय केला तर गाणारा मेला."

शकीलनं फोनवर जुनं रेकॉर्डिंग लावून दाखवलं. "हे ऐक. कुठं आहे विस्तार? तीन मिनिटांत संपलं."

अण्णा उखडले. 78 आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावतात. रंगमंचावर जे पद अर्धा तास चाले त्याचा हा सांगाडा आहे. त्यात लय चढवलेली, आवर्तनं कापलेली. मागं हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, थिरकवांचा तबला अशी साथ असताना माणूस काय करत असेल ते तबकडीवरून ठरवायचं म्हणजे पत्रिकेवरून लग्नाचं जेवण चाखायचं. सारंगी कशाला ठेवायची, तर ऑर्गनच्या पट्ट्या ठोकळ सुरात लावलेल्या, त्यांच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. सूर भरून धरायला ऑर्गन, दोन सुरांमधली वाट दाखवायला सारंगी.

ऑर्गनवरून गाडी पट्टीवर, म्हणजे गाणारा आपला सा कुठं धरतो त्यावर आली, आणि शकील एकदम तज्ज्ञ झाला. हा मुद्दा मला नवा होता. पुरुषच बाईचं काम करत होते तेव्हा नायक-नायिका दोघांची पट्टी जवळपास जुळायची. साथ एकदा लावली की रात्रभर तीच. बायका स्वतः उभ्या राहिल्यावर घोळ सुरू झाला. 1929च्या सुमाराला हिराबाई बडोदेकरांची नाटक मंडळी आली, 1933ला 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक, तिथंही बायकांची कामं बायकांनीच केली. पुरुष साधारण काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सा धरून गातो, बाई काळी चार किंवा पाचमध्ये. तबलेवाल्याचं एक वेळ भागतं, कारण काळी एकला लावलेला तबला काळी चारच्या गाण्याला मध्यमाचा, म्हणजे त्याच्या 'म' सुरातला होतो. पण काळी पाच म्हणाली की दुसरा तबला काढायचा. हातोडीनं गट्टे ठोकून एखादा स्वर इकडंतिकडं होतो, जास्त ताणलं तर पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, बोलेनाशी होते किंवा फाटते. सारंगीच्या तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांखाली झंकारणाऱ्या, तीस-पस्तीस तारा उतरवून परत लावायच्या तर अख्खा मध्यंतर त्यातच जातो. आणि द्वंद्वगीत? मधली पट्टी धरली की त्याचा वरचा सूर फाटतो, तिचा खालचा ऐकू येत नाही. माइक नव्हता, हे विसरू नका.

"म्हणून मग जुन्या नाटकातली पदंच छाटली," अण्णा म्हणाले. 'शाकुंतला'त दोनशेच्या आसपास पदं होती. आज तीन तासांच्या भाड्यात पंधरा-वीस बसली तरी पुष्कळ.

मकरंद मात्र आपला ताळेबंद सोडायला तयार नव्हता. "मग केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श कंपनी कशी टिकली? तिथं काय गळा नव्हता?"

प्रश्न चांगला होता. केशवराव भोसले म्हणजे बालगंधर्वांच्या तोडीचा गळा. 8 जुलै 1921ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही कंपन्यांनी मिळून 'मानापमान' केलं. केशवराव नायक धैर्यधर, बालगंधर्व नायिका भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांत, ऑक्टोबरात, केशवराव गेले. वय 31. कंपनी त्याच दिवशी बंद पडायला हवी होती. पण बापूराव पेंढारकरांनी ती उचलली, आणि 1922ला वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' आणलं. लोंबत्या पडद्यांऐवजी खरी वाटणारी खोली उभी केली, विषय त्या दिवसांचा घेतला. लोक नाटक बघायला आले. गळ्यासाठी येणारे होते ते आलेच, पण नुसत्या गळ्यासाठी नव्हे.

"बघ," मकरंद म्हणाला.

"बघ काय? 'एकच प्याला' गंधर्वांनीच केलं ना 1919ला? ठिगळं लावलेलं लुगडं नेसून जात्यावर बसलेली सिंधू. शालू कुठाय त्यात?" वैशाली म्हणाली. "नट होता तो माणूस. नाटकं निवडणारा कुणी शेजारी उरला नाही."

बोलपटावर फार वेळ गेला नाही, कारण तिथं सगळ्यांचं एकमत. 1932ला 'अयोध्येचा राजा' आला आणि थिएटरं मिळेनाशी झाली. मालकाला दिवसाला तीन खेळांचं भाडं सुटत असताना तो एका रात्रीचं नाटक कशाला घेईल? 1935ला प्रभातच्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व एकनाथ झाले, पुरुषाच्या वेषात. तुकड्या-तुकड्यानं चित्रण, समोर प्रेक्षक नाही, वन्स मोअर नाही. परत रंगभूमीवर आले. पुढं गोहरबाई कर्नाटकी कंपनीत आल्या आणि नायिकेची कामं करू लागल्या.

"म्हणजे दुसरा गळा मिळाला की!" मकरंद.

"मिळाला. गायची पण थेट त्यांच्यासारखी," अण्णा म्हणाले. "पण 1938 साल होतं ते. बाहेर रांग होती ती सिनेमाला."

मकरंदनं बोटं मोजली. जन्म 1888. "पन्नाशी! म्हणजे 'कान्होपात्रा' केलं तेव्हा 43? त्या वयात सोळा वर्षांची पोर?"

"पडदा वर जाऊन पहिला सा लागेपर्यंत 43," वैशाली म्हणाली, आणि शकीलनं चहाचे पैसे दिले.