जुन्या कादंबऱ्यांपासून जपून

सध्या काय वाचताय, असं कुणी विचारलं तर चुकूनही खरं सांगू नका. मुखपृष्ठावर वाळकं झाड असलेली एखादी पारितोषिकप्राप्त कादंबरी सांगून मोकळे व्हा. ती वाचलेली असायची गरज नाही; विचारणाऱ्यानेही वाचलेली नसते. वाचन ही सोसायची गोष्ट आहे, एवढं मनावर ठसलं की चारचौघांत मान मिळतो.

धोका आहे तो वाचनालयाच्या शेवटच्या कपाटापाशी. तिथे पुठ्ठा बांधणीतले बाबूराव अर्नाळकर दबा धरून बसलेले असतात. या गृहस्थांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, म्हणजे सुटायची आशा नाहीच. एकदा का त्यांचा नायक झुंझार वेषांतर करून बाहेर पडला की इकडे भात करपलाच म्हणून समजा. थोर साहित्यकृती वाचताना कुणाचा भात करपलाय? तेव्हा तर माणूस तीनतीनदा उठून झाकण काढून बघून येतो.

शिवाय या पुस्तकांत आधीचे वाचकही राहायला असतात. समासात बॉलपेनने लिहिलेलं असतं, ‘खुनी काका आहे’. खाली वेगळ्या अक्षरात, ‘मुळीच नाही’. त्याखाली लाल शाईत, ‘पुस्तकात लिहू नये. ग्रंथपाल’. आणि त्याखाली पुन्हा पहिलं अक्षर: ‘पण काकाच आहे.’ आता पुस्तक मिटून दाखवा!

प्रेमकथा लिहिणाऱ्या ना. सी. फडक्यांच्या बाबतीत तर फारच सांभाळा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात हे तर्कशास्त्र शिकवायचे. कादंबरीत नायक-नायिकेचं जमणार हे तुम्हाला केव्हाच कळलेलं असतं, फक्त त्या दोघांना कळायचं राहिलेलं असतं. तरीही तुम्ही रात्री एकपर्यंत जागता, यात कुठलं आलंय तर्कशास्त्र? सरकारने त्यांना १९६२ साली पद्मभूषण दिलं, पण तो दाखला घरी चालत नाही. सोपा उपाय सांगतो: ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद निघाला की खणखणीत आवाजात ‘जीवनासाठी’ म्हणणाऱ्या खांडेकरांची बाजू घ्या आणि फडके उशीखाली ठेवा.

गो. ना. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्या मराठी वेषात आणल्या. त्या अस्सल नाहीत म्हणून आधी नाक मुरडून घ्या. मग त्यांतल्या भुयारात उतरा.

(या जुन्या पुस्तकांतल्या बायका जरा काही झालं की बेशुद्ध पडतात, हे मात्र खरंच खटकतं. इथे टीका करताना नाटक करावं लागत नाही.)

अगदीच राहवत नसेल तर अभ्यास म्हणून वाचा. वहीवर ‘स्वातंत्र्यपूर्व लोकप्रिय साहित्याची समाजशास्त्रीय चिकित्सा’ असं ठळक लिहा आणि वही दिसेल अशी ठेवा. हसू फुटलं तर खोकला काढा, लगेच एक टीप घ्या. घरातले चहा आणून देतील.

आणि पुस्तकातलं एखादं प्रकरणच फाटून गेलेलं असलं, तर तक्रार घेऊन ग्रंथपालांकडे अजिबात जाऊ नका. त्यांना ते पाठ असतं. हातातला शिक्का बाजूला ठेवून ते उभ्याउभ्या गोष्ट सांगायला लागतात, आणि तुमच्या मागे रांगेत असलेले आजोबा मध्येच तोंड घालतात, “तसं नाही हो, आधी मोटार दरीत जाते!”