‘प्रत्येकाच्या पगारातून दहा टक्के’: वॉशिंग्टन राज्याच्या आयकराबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

वॉशिंग्टन राज्यात वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक असलेल्या उत्पन्नावर ९.९ टक्के आयकर लावण्याच्या कल्पनेला गव्हर्नर बॉब फर्ग्युसन यांनी डिसेंबर २०२५ मध्ये पाठिंबा दिला. तेव्हापासून राज्याची राजधानी ऑलिंपियातील विरोधी रिपब्लिकन आमदारांचे मुद्दे मराठीत उतरवून, त्यांत पदरचे बरेच काही मिसळून तयार केलेला एक लांबलचक संदेश सिअ‍ॅटल परिसरातील मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतो आहे. माझ्या मावसभावाच्या पत्नीने तो मला पाठवला, तेव्हा वहिनी टेक्सासमधील घरांच्या किमती पाहू लागल्या होत्या. त्या शाळेत साहाय्यक शिक्षिका आहेत आणि दोघांचे उत्पन्न मिळूनही या कराच्या उंबरठ्याच्या निम्म्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून हे उत्तर.

संदेशातील पहिलेच वाक्य असे आहे की २०२८ पासून प्रत्येकाच्या पगारातून दहा टक्के कापले जाणार. असे खुद्द विरोधी आमदारही म्हणत नाहीत. आज श्रीमंतांवर लागणारा कर उद्या सर्वांवर येईल, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. संदेशकर्त्याने त्यातला ‘उद्या’ तेवढा गाळून टाकला. प्रस्तावानुसार २०२८ च्या उत्पन्नातील पहिले दहा लाख डॉलर करमुक्त राहतील आणि त्यावरच्याच रकमेवर कर लागेल, जो २०२९ मध्ये भरायचा आहे. म्हणजे पगार आणि व्हेस्ट झालेले (कंपनीकडून मिळून प्रत्यक्ष मालकीचे झालेले) शेअर धरून चार लाख कमावणाऱ्या जोडप्याचा कर शून्य. अकरा लाख कमावणाऱ्याचा कर वरच्या एका लाखावर, म्हणजे ९,९०० डॉलर. एकूण उत्पन्नाच्या एक टक्काही नाही. राज्यातील अर्ध्या टक्क्याहून कमी कुटुंबांना हा कर लागू होईल असा अंदाज आहे. आपल्या गटांत त्यांतले कुणी असलेच तर त्यांच्याकडे स्वतःचा सीए असणार, त्यांना या संदेशाची गरज नाही.

याहून कहर म्हणजे घराचा मुद्दा: ‘रेडमंडचे घर वीस लाखांना विकले की दोन लाख सरकारचे.’ आयकर विक्रीच्या किमतीवर नसतो, नफ्यावर असतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याने करसल्ला देऊ नये. आठ लाखांना घेतलेले राहते घर वीस लाखांना विकले, तर नफा बारा लाखांचा. अटी पूर्ण करणाऱ्या जोडप्याला संघीय कायदा त्यातले पाच लाख माफ करतो, म्हणजे उत्पन्नात धरले जाणारे उरतात सात लाख. त्या वर्षीचा पगार अडीच लाख धरला, तरी बेरीज साडेनऊ लाख होते आणि कर पुन्हा शून्यच. आयुष्यात एकदा होणाऱ्या या व्यवहाराची धास्ती घालून माणसांना राज्य सोडायला सांगणे हा निव्वळ खोडसाळपणा आहे.

‘उद्या सर्वांवर’ या शंकेत मात्र थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. याच राज्यात २०२१ मध्ये मंजूर झालेल्या भांडवली नफ्यावरील (शेअर वगैरे विकून होणाऱ्या नफ्यावरील) कराचा दर ७ टक्के होता आणि दहा लाखांवरील नफ्यासाठी तो २०२५ मध्ये ९.९ टक्क्यांवर गेला. पण त्याच काळात करमुक्त मर्यादा महागाईनुसार अडीच लाखांवरून २ लाख ७८ हजारांवर गेली. दर चढला तो वरच्या टोकाला, सामान्यांकडे सरकला नाही.

‘महाराष्ट्रात तरी राज्य सरकार आयकर घेते का?’ असाही एक सवाल संदेशात आहे. घेत नाही, कारण शेतीखेरीज अन्य उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार भारतीय राज्यघटनेने केंद्राला दिला आहे आणि केंद्र आपल्या वाटपयोग्य करांतील ४१ टक्के हिस्सा राज्यांना देते. राज्याच्या वाट्याला व्यवसाय कर आहे. मुंबई-पुण्यात नोकरी केलेल्यांना पगारपत्रकातील दरमहाचे २०० आणि फेब्रुवारीतले ३०० रुपये आठवत असतील. अमेरिकेत राज्यांना असा ठरीव हिस्सा मिळत नाही, त्यामुळे ही तुलना मुळातच लागू पडत नाही.

आता खर्चाचा मुद्दा. दहा-बारा वर्षांत राज्याचा खर्च दुपटीहून अधिक झाला, हे विरोधकांचे म्हणणे खरे आहे: २०१३-१५ चा द्वैवार्षिक अर्थसंकल्प सुमारे ३४ अब्ज डॉलरचा होता, २०२५-२७ चा सुमारे ७८ अब्जांचा आहे. त्यात उधळपट्टी अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. पण संदेशात न सांगितलेली गोष्ट अशी की, राज्य शाळांना पुरेसा निधी देत नाही असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मॅक्लीअरी खटल्यात दिला होता, आणि विधिमंडळ चालढकल करत राहिले म्हणून ऑगस्ट २०१५ पासून दिवसाला एक लाख डॉलरचा दंड ठोठावला होता. वाढलेल्या खर्चाचा मोठा भाग त्या निकालापोटी शाळांकडे गेला आहे, आणि वहिनींचा पगारही त्याच शाळांतून येतो.

शिवाय आजचा बोजा कुणावर आहे, हे पाहायला नको का? इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी या संस्थेच्या जानेवारी २०२४ च्या अहवालानुसार वॉशिंग्टन राज्यातील सर्वांत गरीब वीस टक्के लोक आपल्या उत्पन्नाच्या १३.८ टक्के रक्कम राज्य आणि स्थानिक करांत देतात, तर सर्वांत श्रीमंत एक टक्का लोक ४.१ टक्के. संस्था डावीकडे झुकलेली आहे हे खरे, परंतु या तफावतीचे कारण उघड आहे: येथील तिजोरी विक्रीकरावर चालते, आणि सिअ‍ॅटलमध्ये तो दहा टक्क्यांच्या वर आहे. ऑक्टोबर २०२५ पासून तो कस्टम सॉफ्टवेअर आणि आयटी सपोर्टवरही लागू झाला. सॉफ्टवेअरवाल्यांनी भरलेल्या आपल्या गटांत त्यावर काय चर्चा झाली, ते मी शोधतो आहे.

श्रीमंत पळून जातील, हा मुद्दा थोडक्यात आटोपतो. काही जातील. पण मॅसॅच्युसेट्सने २०२३ पासून दहा लाखांवरील उत्पन्नावर ४ टक्के अधिभार लावला आणि २०२४ च्या आर्थिक वर्षात त्यातून अंदाजापेक्षा बरीच जास्त, दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. कोलंबिया नदीपलीकडच्या ओरेगनमध्ये एकट्या व्यक्तीला ९.९ टक्क्यांचा दर सव्वा लाखापासूनच लागतो (तिथे विक्रीकर नाही, हेही सांगायला हवे), आणि तरीही पोर्टलंडजवळ मराठी मंडळी आनंदाने नांदत आहेत.

राहिला घटनेचा प्रश्न, आणि विरोधकांचा खरा जोर इथेच आहे. १९३२ मध्ये येथील मतदारांनी आयकर सुमारे सत्तर टक्के मतांनी मंजूर केला होता. पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘उत्पन्न ही मालमत्ता आहे’ असे ठरवून, म्हणजे मालमत्तेवरील करांना असलेल्या घटनात्मक मर्यादा त्यालाही लावून, तो रद्द केला आणि तो निकाल आजही उभा आहे. त्यानंतर मतदारांनी आयकर अनेकदा नाकारला, शेवटचा २०१० मध्ये. २०२४ मध्ये तर याच विधिमंडळाने आयकरबंदीचा जनप्रस्ताव स्वीकारला आणि अनेक सत्ताधारी डेमोक्रॅट आमदारांनी त्याच्या बाजूने मत दिले, हा टोमणा डेमोक्रॅटांनी ऐकून घ्यायलाच हवा. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भांडवली नफ्यावरील कर रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांनी सुमारे ६४ टक्के मतांनी फेटाळला, याचा संदेशात उल्लेख नाही. हा कर टिकेल की नाही, हे १९३३ चा निकाल न्यायालय बदलते का यावर ठरेल; तोवर वहिनींनी टेक्सासमध्ये घर पाहण्याचे काहीही कारण नाही.