बारा बोअरचा फुसका बार

"आमच्या घरी ठासणीची बंदूक होती" हे वाक्य मी पुण्यात, मुंबईत, बंगळुरात मिळून शंभरदा तरी फेकलं असेल. ऐकणारे "हो का?" म्हणायचे, मी आजोबा, संगमेश्वरजवळची आमची बाग आणि तिथली माकडं एवढं दोन मिनिटांत उरकायचो आणि गप्पा पुन्हा फ्लॅटच्या भावांवर यायच्या. कुणाचं काही बिघडत नव्हतं. पेनसिल्व्हेनियात, अल्टूना गावी, हेच वाक्य मी शेजारच्या म्हाताऱ्यासमोर टाकलं. तो "हो का?" म्हणाला नाही. उठला, तळघरात गेला आणि तसलीच एक बंदूक घेऊन वर आला.

हे शेजारी रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. अल्टूनाचं अख्खं गावच रेल्वेने वसवलेलं. डोंगराला घोड्याच्या नालेसारखा वळसा घालणारा इथला लोहमार्ग १८५४ पासून गाड्या वाहतोय. त्यामुळे जे जे जुनं, जड आणि धूर सोडणारं, ते ते या माणसाला प्रिय. मी त्यांना मनातल्या मनात 'गुरुजी' म्हणतो.

"मग तुला सांगायला नकोच," बंदूक माझ्या मांडीवर ठेवत गुरुजी म्हणाले. "मे महिन्यात टर्कीला जाऊ. तू हीच घे."

मला सांगायला हवं होतं. सगळंच सांगायला हवं होतं. पण त्या क्षणी माझ्या मांडीवर एक बंदूक होती, समोर एक कौतुकाने बघणारा म्हातारा होता, आणि मी मान डोलावली.

टर्की या पक्ष्याचा तुर्कस्तानाशी काडीचा संबंध नाही. तो मूळचा या अमेरिकेतलाच, पण पत्ता विचाराल तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवतो. इंग्रजांनी त्याला तुर्कांच्या नावावर खपवलं. तुर्की भाषेत त्याचं नाव 'हिंदी', म्हणजे तो आपल्या गळ्यात. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात, फळ नव्हे, देश. आपल्याकडे तो गोव्यावाटे आला. मुकर्रब खान या सरदाराने १६१२ मध्ये गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे चमत्कारिक प्राणी-पक्षी नेले त्यांत हाही होता. डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे बदलणारा हा पक्षी बघून बादशहा इतका चकित झाला, की त्याने त्याचं वर्णन लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून चित्रही काढून घेतलं. म्हणजे एका अर्थी मी आमच्याच भागातून गेलेल्या एका नगाची चौकशी करायला निघालो होतो.

परवान्यासाठी आधी शिकाऱ्यांच्या सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तो झाला. इंजिनीअरिंगनंतर मी पहिल्यांदाच परीक्षेला इतका अभ्यास केला. वसंतातल्या हंगामात फक्त दाढीवाला पक्षी मारायचा असा नियम आहे. ही दाढी हनुवटीला नसते, छातीवर असते, घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखा एक झुपका. अंगावर लाल, पांढरं, निळं काही घालायचं नाही, कारण नराच्या डोक्याचे रंग नेमके हेच आणि झाडीतून ते दिसले तर दुसरा एखादा शिकारी तुम्हालाच टर्की समजू शकतो. गुरुजींनी माझी झडती घेऊन खिशातला पांढरा हातरुमाल जप्त केला. दुसरीपासून माझ्या खिशात रुमाल आहे. त्याच्याशिवाय मला कपडे घातल्यासारखंच वाटत नाही.

मग बंदूक भरायचं शिक्षण. 'ठासून भरणे' हा वाक्प्रचार आपण लग्नाच्या हॉलपासून लोकलच्या डब्यापर्यंत कुठेही वापरतो, पण त्याचं मूळ घर इथे आहे. आधी काळी दारू मापायची, नळीत ओतायची. त्यावर जाड पुठ्ठ्याची चकती. तिच्यावर बुचासारखी मऊ गादी. मग छर्रे. ते घरंगळून बाहेर येऊ नयेत म्हणून वर पातळ चकती. दर चकतीला गज घालून दाबायचं. आत अडकलेली हवा फुस्स करून कडेने सुटते आणि चकती खाली बसल्याचं हाताला कळतं. दारू आणि छर्रे एकाच मापाने. मला लगेच आईचा शिरा आठवला, जेवढा रवा तेवढी साखर. गुरुजींना सांगितलं तर ते म्हणाले, क्रम चुकला तर शिराही बिघडत असेल. बरोबर आहे. पण शिऱ्यात आधी साखर पडली तर पुढच्या स्वयंपाकाआधी कढई उलटी करून स्क्रूने खरवडत बसावं लागत नाही. इथे आधी छर्रे ओतले आणि मग दारू, तर नेमकं तेच करावं लागतं. मला कसं माहीत? पहिल्याच दिवशी केलं.

शेवटी केप. दिवाळीत टिकल्या-केपा फोडलेल्या कुणालाही ही ओळखू येईल. तांब्याची छोटीशी टोपी, आत स्फोटक थर. नळीच्या बुडाशी एक पोकळ बोंड असतं त्यावर ती बसवायची, घोडा आपटला की ठिणगी बोंडातून आत. या केपेमागे एका पाद्र्याचा राग आहे. त्याआधी चकमकीच्या बंदुका होत्या. त्यांत आधी बाहेर रंजक, म्हणजे बार पेटवायची चिमूटभर दारू, भडकायची आणि मग बार व्हायचा. त्या क्षणभराच्या अवधीत भडका बघून पक्षी निसटायचे. फोर्सिथ नावाचा एक स्कॉटिश धर्मोपदेशक याला इतका वैतागला, की त्याने आघाताने पेटणारं रसायन बंदुकीला जोडलं आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. केपेची टोपी त्यातूनच पुढे आली. रविवारच्या प्रवचनांचं काय झालं कोण जाणे.

"एक लक्षात ठेव," गुरुजी म्हणाले. "सकाळी भरण्याआधी दोन केपा नुसत्या उडव. आत राहिलेलं तेल जळून जातं."

"आमच्याकडे तसंच करायचे," मी म्हणालो. आमच्याकडे काय करायचे याची मला सुतराम कल्पना नव्हती.

आदल्या रात्री मी बंदुकीला तेल दिलं. दसऱ्याला आजोबा तिला पुसून, तेल लावून, झेंडू वाहून पाटावर ठेवायचे, ते डोळ्यांसमोर होतं. बायकोच्या शिलाई मशीनच्या तेलाची अर्धी बाटली मी भक्तिभावाने आत-बाहेर सगळीकडे फिरवली आणि बंदूक कोपऱ्यात नळी वर करून उभी केली. "लग्नाला नेतोयस का तिला?" बायको म्हणाली. ती आधीच वैतागलेली होती. टर्कीला बोलवायचं एक लाकडी खोकं असतं. झाकणाला खडू लावून ते कडेवर घासलं की मादीसारखा आवाज निघतो. मी पंधरा दिवस त्याचा रियाज करत होतो आणि ती पंधरा दिवस घरातल्या एकेका बिजागरीला तेल घालत होती.

पहाटे साडेतीनला उठलो. बाहेर काळोख. आता परसात उभं राहून दोन केपा उडवायच्या म्हणजे बायको उठणार, मुलगी उठणार, गल्लीतली चार कुत्री उठणार. राहू दे, म्हटलं. गाडीत बसताना गुरुजींनी विचारलं, "केपा उडवल्यास?"

"हो," मी म्हणालो.

वाटेत त्यांनी टर्कीचा इतिहास सांगितला. जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी जवळजवळ संपला होता. १९३७ मध्ये बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी वापरायचा कायदा झाला. आधी खुराड्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून बघितले, ते टिकले नाहीत. मग अस्सल रानातले पक्षी जाळी टाकून पकडले आणि दुसऱ्या रानांत नेऊन सोडले, ते वाढले. "म्हणजे आज जो समोर येईल," गुरुजी म्हणाले, "तो खुराड्यातल्यांचा नातू नव्हे." त्यांनी माझ्याकडे का बघितलं कळलं नाही.

एका रुंद ओकच्या बुंध्याला पाठ लावून आम्ही बसलो. मी पुढे, गुरुजी मागच्या अंगाला. समोर वीस पावलांवर रबराची एक मादी रोवलेली. अंगावर फवारलेल्या औषधाचा वास, कारण इथल्या गोचिडींपासून लाइमचा आजार होतो. तोंडावर जाळी, हातात मोजे. आणि हलायचं नाही. टर्कीला वास फारसा येत नाही, पण नजर अशी की पापणी लवली तरी कळते म्हणतात. हे वाचणाऱ्यांना सोपं वाटेल. ज्या माणसाने आयुष्यात सत्यनारायणाची पूजासुद्धा मांडी न बदलता पुरी केली नाही, त्याला एका मुळावर तीन तास बसवून बघा. पहिल्या पंधरा मिनिटांत नाकाला खाज. मग डास आला, जाळीच्या आतल्या बाजूला. मग डावा पाय माझा राहिला नाही.

उजाडायच्या सुमारास समोरच्या डोंगरधारेवरच्या झाडातून आवाज आला. भरलेली कळशी एकदम उपडी केल्यासारखा, बुडबुडत घरंगळणारा. रात्रभर झाडावर झोपलेला नर जागा झाला होता. गुरुजींनी खोकं अगदी हलकेच घासलं. पुन्हा कळशी उपडी झाली. जवळ.

टर्कीत रिवाज असा, की नराने एका जागी उभं राहून ओरडायचं आणि मादीने त्याच्याकडे जायचं. म्हणजे मुलीने स्थळ बघायला जायचं. आपण खोकं घासून त्याला उलट सांगत असतो, की मुलीकडचे येणार नाहीत, तुम्हीच या. वरपक्षाला हे पटायला वेळ लागतो. आमचा नर तासभर तिकडून ओरडत राहिला. मध्येच खऱ्याखुऱ्या तीन माद्या कुठूनशा आल्या, आमच्या रबरी मुलीकडे तुच्छतेने बघून सरळ त्याच्याकडे गेल्या आणि सगळं शांत झालं. ठरलं असणार तिकडे, असं मला वाटलं. मी सुटकेचा श्वास सोडला. गुरुजींनी मागून माझ्या बरगडीत बोट खुपसलं.

साडेनऊच्या सुमारास तो आला. एकटाच, काही न बोलता. आधी फर्नमधून पांढरं टक्कल दिसलं, मग निळे गाल, मग गळ्याखालची लालभडक लोंबती गाठोडी. रबरी मादी दिसताच त्याने पंख जमिनीला टेकवले, शेपटीचा पंखा उघडला आणि अंग असं फुगवलं, की वराच्या मामाने दुसरा फेटा बांधावा. उन्हात पिसं तांब्याच्या घंगाळ्यासारखी चमकत होती, त्यांच्यावर हिरवी झाक. चोचीवरचा मांसाचा तुरा लांब होऊन एका बाजूला लटकला. डोकं बघता बघता लालाचं पांढरं झालं. जहांगीर बादशहाचं काही चुकलं नव्हतं. दोन पावलं टाकायचा, थांबायचा, छातीतून फुस्स असा आवाज काढायचा. छातीवर दाढी होती. पंचवीस पावलं. गुरुजींच्या या जुन्या नळीची मर्यादा तेवढीच.

त्याचं डोकं एका झाडाआड गेलं तसा मी घोडा चढवला. डोकं बाहेर आलं. नेम धरला. छाती अशी धडधडत होती की तीच त्याला ऐकू जाईल असं वाटलं. चाप ओढला.

टक्‌.

बस, एवढंच. दिवाळीच्या टिकलीएवढा आवाज. टर्कीने पंखा मिटला, मान उंच केली, माझ्याकडे बघितलं.

आता नियम असा, की केप वाजली आणि बार झाला नाही, तर बंदूक खाली घ्यायची नाही. आत कुठे ठिणगी धुमसत असेल तर बार उशिरा होऊ शकतो. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबायचं. म्हणून मी थांबलो. टर्कीही थांबला, पण त्याला नियम लागू नसल्यामुळे पाच-सहा सेकंदच. मग तो "पट्‌, पट्‌" म्हणाला आणि उडण्याचेही कष्ट न घेता चालत निघून गेला. उरलेलं मिनिट मी जिथे टर्की नव्हता तिथे नेम धरून बसलो होतो. इतका स्थिर मी सकाळपासून बसलो नव्हतो.

गुरुजी पुढे आले, बंदूक घेतली, केपेचं बोंड हुंगलं आणि त्यावरून बोट फिरवलं. बोट तेलाने चमकत होतं. रात्रभर नळीतलं तेल ओघळून बुडाशी साचलं होतं. ते काही बोलले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"केपा उडवल्या होत्यास," ते शेवटी म्हणाले. प्रश्नचिन्ह नव्हतं.

मी बुटाची नाडी बांधली. सुटली नव्हती.

पहिल्या पंधरवड्यात शिकार दुपारी बारापर्यंतच. पण त्यानंतर तो काही आला नाही, आणि यायचं त्याला कारणही नव्हतं. पावणेबाराला प्रश्न उरला पोट भरलेल्या बंदुकीचा. ठासणीची बंदूक रिकामी करायचा सोपा मार्ग म्हणजे ती उडवणं. गुरुजींनी पान्याने बोंड काढलं, पुसलं, खालच्या भोकात चिमूटभर बारीक दारू घातली, बोंड पुन्हा आवळलं, नवी केप बसवली आणि मातीच्या एका उंच दरडीकडे बोट दाखवलं.

मी चाप ओढला. असा बार झाला की डोंगर दोनदा बोलले. खांद्याला दणका बसला आणि समोर पांढऱ्या धुराची भिंत उभी राहिली. ती हलेचना, कारण वाराच नव्हता. कुजक्या अंड्यांचा वास सुटला. आणि त्या धुरापलीकडून, दूर धारेवरून, उत्तर आलं. कळशी उपडी झाली. मोठा आवाज झाला की टर्की नर उत्तर देतोच, गुरुजींनी गाडीत समजावलं. मी ते मनाला लावून घेतलं.

काळ्या दारूची काजळी ओलावा धरते आणि नळी गंजवते, म्हणून त्याच दिवशी साबणाच्या गरम पाण्याने धुवावी लागते. आमच्या बाथटबमध्ये धुतली. टब अजून राखाडी आहे. मुलीने दारातून नाक धरून विचारलं, "बाबा, तू काय मारलंस?" बायको म्हणाली, "थापा," आणि पंखा लावला. गुरुजींनी तिला केव्हा सांगितलं होतं देव जाणे.

रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडे रविवारी सकाळी सातला, गावी काकांना फोन केला. सगळं सांगितलं, केपांसकट. माणसाला कुठेतरी खरं बोलावंसं वाटतंच.

"आजोबा तेल कसं लावायचे हो?" मी विचारलं. "त्यांची कधी फुसकी गेली का?"

काका हसायला लागले. बराच वेळ हसत होते. मागून काकू विचारताना ऐकू आल्या, कोण गेलं म्हणून.

"अरे, कसली रे बंदूक," काका म्हणाले. "घोड्याची स्प्रिंग माझ्या मुंजीच्या आधीच मोडली होती. बाबा ती नुसती खांद्याला लावायचे आणि तोंडाने 'ठो' करायचे."

"आणि माकडं?"

"पळायची की. बाबांचा आवाज ऐकला नाहीस का तू?" काका थोडे थांबले. "तू केलंस का ठो?"

"नाही."

"मग करायचं ना!"